नाकाडीची आगाऊ साक्ष

सगळे तिला नाकाडी म्हणत. नाक काही मोठं नव्हतं. बेताचं, जरा बसकंच होतं. पण त्या नाकाला सुट्टी अशी ठाऊकच नव्हती. लहानपणी ताटावर बसल्या बसल्या ती आईला सांगायची, "हे भांडं काल नीट घासलं नव्हतंस." आई कपाळाला हात लावायची, "तुझ्या सासूचं कसं होणार गं बाई!" शाळेत कुणी दप्तरात केळं विसरलं, तर ते अजून पिवळं आहे की काळं पडलंय, हे तिला तिसऱ्या बाकावरून कळायचं. अशा मुलीने मोठं होऊन अत्तराच्या दुकानात बसावं. ती लागली रुग्णालयाच्या धुलाईघरात. आणि तेही मळक्या बाजूला.

धुलाईघराच्या मधोमध एक भिंत होती आणि भिंतीतच चार मोठी मशिनं बसवलेली. प्रत्येक मशिनाला दोन दारं. इकडच्या दारातून मळकं कोंबायचं, तिकडच्या दारातून धुतलेलं काढायचं. हातापायांना लागून घाण पलीकडे जाऊ नये म्हणून इकडच्या माणसांनी तिकडे जायचं नाही, असा नियम होता. भिंतीला एक काचेची खिडकी होती. पलीकडे पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका गरमगरम चादरींच्या घड्या घालत, वाफ उडे, कुणीतरी गुणगुणत असे. अलीकडे नाकाडी रबरी मोजे कोपरापर्यंत चढवून पिशवीची गाठ सोडायची आणि म्हणायची, "शी!"

हे शी दिवसातून दीडशे वेळा तरी व्हायचं आणि दर वेळी निराळं. रक्ताचं शी आखूड. ओकारीचं शी लांबलचक, शेवटी जरा वर चढणारं. तिसऱ्या मजल्यावर पोटाचे रोगी होते, तिथली पिशवी आली की शी म्हणायला तोंड उघडणंही धोक्याचं, तिथे नुसतं "म्म्ह." एकेक चादर झटकून पाहायची, कारण चादरीत काय निघेल याचा नेम नसे. चिघळलेल्या जखमेची पट्टी, चावून टाकलेलं बिस्किट, चष्मा, कात्री, नखांचे तुकडे. एकदा तर अभ्र्यात जपून ठेवलेली उकडलेली अंडी निघाली. पाच दिवसांची.

"माणूस आजारी पडला म्हणून इतकं ओंगळ असावं का?" ती जोडीदारणीला विचारायची. तिच्या जोडीला मळक्या बाजूला उंचाडी होती, नावाप्रमाणे ताडमाड आणि कामात धांदरट. उंचाडी म्हणायची, "अगं, मला तर काही वासच येत नाही. सर्दी आहे."

"तुला अकरा वर्षं सर्दीच आहे."

घरी सासूबाई. नवरा ट्रकवर, महिन्यातले आठ दिवस घरी, आणि तेव्हाही अंगाला डिझेल. बाकीचे दिवस दोघी बायका आणि देव. सासूबाई सुनेशी सरळ कधी भांडल्या नाहीत. त्यांना जे सुनावायचं ते त्या जेवणाआधीच्या प्रार्थनेत सुनवायच्या. डोळे मिटून, हात जोडून, अगदी लीन आवाजात: "हे दयाळू देवबापा, या अन्नाबद्दल तुझे आभार. मीठ कमी आहे तेही आम्ही आनंदाने स्वीकारतो. ज्या सुना कामावरचे कपडे पलंगावर टाकतात त्यांना क्षमा कर. आणि या घरात जो वास येतो तो तुझ्या कृपेने दूर कर. आमेन." नाकाडीचं आमेन दातांमधून निघायचं.

तीही प्रार्थना करायची, पण तिची एकच होती आणि अकरा वर्षं तीच होती. "देवबापा, मला तिकडे ने." कुणी ऐकलं असतं तर बाई जगाला कंटाळली असं वाटलं असतं. तिला फक्त भिंतीपलीकडे जायचं होतं.

आणि एक दिवस तशी जागा निघाली. पलीकडची थोरली इस्त्रीवाली काम सोडून लेकीकडे राहायला जाणार होती. मुकादम, म्हणजे धुलाईघराचा वरचा माणूस, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर ना?" म्हणायचा, मग ते बरोबर असो वा नसो. तो म्हणाला, "इकडच्याच कुणाला तरी घेणार, बरोबर ना? सोमवारी सांगतो." इकडे होत्या दोघीच. नाकाडी अकरा वर्षं चोख आणि उंचाडी तीन महिन्यांतून एकदा मशीन बिघडवणारी. म्हणजे झालंच की!

आता मधाळबाईची गाठ घालून द्यायला हवी. दर रविवारी दुपारी तिच्या दिवाणखान्यात बायकांची प्रार्थनासभा भरायची. मधाळबाईचा आवाज असा, की ऐकताना हाताला चिकटेल. "बहिणींनोऽऽ," ती म्हणायची, आणि त्या ओकाराला इतकं ताणायची की तेवढ्यात नाकाडीचं नाक खोली फिरून यायचं. ओल्या गालिच्याचा कुबट वास, म्हाताऱ्या कुत्र्याचा वास, त्यावर फवारलेला गुलाबाचा वास. तिघे मिळून घशात बसायचे. सभेत साक्ष द्यायची पद्धत होती. देवाने आठवड्यात काय दिलं ते उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी "स्तुती असो" म्हणायचं. कुणाला किल्ली सापडलेली असायची, कुणाची सर्दी गेलेली. एकीने तर जावेचा पाय मुरगळल्याबद्दल आभार मानले होते. पुढे मधाळबाईने तिला बाजूला घेऊन समजावलं.

त्या रविवारी नाकाडीने हळूच सांगितलं, उद्या असं असं आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा.

"प्रार्थनाऽ? अगं बहिणी, प्रार्थना कसली करतेस! मिळालंच म्हण. विश्वास असेल तर आधीच आभार मानायचे. ऊठ, साक्ष दे."

"अजून मिळालं नाहीये पण."

"शंकाऽऽ!" मधाळबाईने डोळे मिटले, जणू नाकाडीने गालिच्यावर काही सांडलं होतं.

वीस बायका बघत होत्या. त्यात सासूबाईही. नाकाडी उठली आणि तिच्या तोंडून निघालं, "देवाने मला धुतल्या बाजूची जागा दिली आहे." स्तुती असो! टाळ्या! मधाळबाईने तिला छातीशी धरलं, तेव्हा गुलाबाच्या खाली घामाचा शिळा थर आहे हे नाकाडीला कळलं. मग तिला केकचा मोठा तुकडा मिळाला. त्यात कुत्र्याचा केस होता. तो तिने साक्षीसह गिळला.

घरी येताना सासूबाई प्रथमच तिच्याशी सरळ बोलल्या. "बरं झालं गं. शेजारणी मलाही नावं ठेवायच्या. तुमच्या घरात काही मेलंय का, म्हणून विचारायच्या."

सोमवारी मुकादमाने दोघींना बोलावलं. उंचाडीकडे बोट केलं. "तू जा पलीकडे."

नाकाडीला वाटलं, बोट चुकलं.

"साहेब, मी..."

"तू कशी जाशील? हिच्या हातून मशिनात दोन कात्र्या गेल्या, चार चष्मे गेले, गेल्या महिन्यात एक अख्खा मोबाईल गेला. हिला इथे ठेवली तर धुलाईघर बंद पडेल, बरोबर ना? तिकडे निदान घड्याच घालायच्यात. आणि तुझ्यासारखं नाक मला कुठे मिळणार? पिशवी सोडायच्या आधी सांगतेस आत काय आहे. देवाची देणगी आहे ती."

"देवाची," नाकाडी म्हणाली.

"बरोबर ना?"

उंचाडी बिचारी रडायला लागली. "अगं, मी मागितलं नव्हतं गं!" हेच जास्त झोंबलं. मागितलं नाही तिला मिळालं.

जेवणाच्या सुट्टीत नाकाडी रिकाम्या पिशव्यांच्या कोठीत जाऊन बसली. डबा उघडला, बंद केला. रविवारचा आवाज तिला लागेना. जो आला तो पिशव्यांशी बोलायचा आवाज होता.

"देवबापा, मला किळस आली आहे. लोकांच्या अंगातून जे जे बाहेर येतं त्याची. सासूबाईंच्या प्रार्थनेची. त्या चिकट बाईची आणि तिच्या केकची. माझीसुद्धा, कारण मी वीस बायकांसमोर खोटं बोलले, तेही तुझं नाव घेऊन. आणि खरं सांगू? आता तुझीही यायला लागली आहे. अकरा वर्षं! मी यापुढे मोठं काही मागणार नाही. तुझा भरवसा वाटत नाही. मला फक्त आज संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं दे. उद्याचं उद्या बघू."

काय पुरेल एवढं, ते तिलाही सांगता आलं नसतं. आमेन म्हणायचं राहिलंच, कारण तेवढ्यात दार वाजलं.

पोटाच्या वॉर्डातली सिस्टर होती, धापा टाकत. "अगं, एका आजोबांची कवळी हरवली. बहुतेक चादरीबरोबर खाली आली. तीन दिवस नुसत्या पेजेवर आहेत. आणि आज तर तोंड मिटून बसलेत. दात आणा, मगच गिळीन म्हणतात."

तीन दिवसांच्या पिशव्या! त्या आठवड्यात दोन मशिनं बंद होती, म्हणून छपराखाली चाळीसेक पिशव्या साठून तापत पडल्या होत्या. उंचाडी केव्हाच पलीकडे गेली होती. खिडकीतून टोपी सारखी करत बघत होती.

नाकाडी पिशव्यांपुढे उभी राहिली. एकेक सोडून शोधायचं तर दोन दिवस जातील. तिने सिस्टरला विचारलं, "आजोबा कवळीला काय लावतात?"

"लवंगेचं तेल. सगळा वॉर्ड घमघमतो."

मग नाकाडीने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. तोंडावरचा रुमाल काढला आणि मुद्दाम, छाती भरून, वास घेतला. पाचव्या पिशवीला डोळ्यांतून पाणी आलं. बाराव्या पिशवीशी ती बाजूच्या मोरीवर जाऊन ओकली, चूळ भरली आणि परत आली. सिस्टर म्हणाली, "राहू दे गं." नाकाडी म्हणाली, "गप बसा हो, बोलू नका, तुमच्या तोंडाला कॉफीचा वास येतोय." एकोणिसाव्या पिशवीच्या तोंडाशी, त्या सगळ्या आंबट, कुजक्या, तांबूस घाणीच्या तळातून एक बारीकशी तिखट रेघ नाकात आली. लवंग.

चादरीच्या दुमडीत कवळी हसत होती. तिच्यावर काय वाळलं होतं ते सांगत नाही. नाकाडीने तिला जंतुनाशकातून काढलं, साबणाने घासलं, मग गरम पाण्यातून, मग पुन्हा साबणाने.

वॉर्डात आजोबा उशीला टेकून बसले होते. गाल आत गेलेले, हनुवटीवर कालची पेज सुकलेली. तिच्या हातात फडक्यातली कवळी दिसताच त्यांनी झडप घातली. "अहो आजोबा, थांबा, परत एकदा..." कवळी टक्कन तोंडात. मग जिभेने इकडून तिकडे फिरवून चोखली. आजोबांनी छताकडे बघितलं, तिच्याकडे नाही.

"तीन दिवस मागतोय! एवढा वेळ लागतो का रे बाबा?"

मग तिच्याकडे वळले. "पोरी, दात कुठे होते गं?"

"विचारू नका."

"वास येतोय खरा." ते खदखदून हसले, कवळी अर्धी बाहेर आली, ती त्यांनी बोटाने आत ढकलली आणि त्याच बोटाने नाकाडीचा गाल कुरवाळला. "त्याने बरोबर माणूस पाठवलं."

नाकाडी जिना उतरेपर्यंत गाल पुसत होती. पहिल्या मजल्यावर थांबली. त्यांनी दात मागितले होते. आपण अकरा वर्षं रोज भिंतीपलीकडे बघत बसलो. पलीकडे गेलो असतो तर हे दात आज कुणाला सापडले असते? उंचाडीला? ती मशिनात घालून, धुऊन, वर इस्त्री करून देती. एवढा विचार झाला आणि मग तिच्या लक्षात आलं की साडेपाच वाजलेत. संध्याकाळ झाली होती. पुरलं होतं.

मंगळवारी तिने पुन्हा संध्याकाळपुरतंच मागितलं. बुधवारीही. भरवसा वाटत नाही म्हणून एवढंच मागते, असं ती देवाला रोज बजावायची. शनिवारी मात्र बजावायचं विसरली आणि थेट मागून मोकळी झाली.

रविवारी गुलाब, कुत्रा, गालिचा सगळे आपापल्या जागी होते. मधाळबाई म्हणाली, "आपल्या बहिणीचा नव्या कामाचा आठवडाऽऽ कसा गेला?"

नाकाडी उभी राहिली. सासूबाईंकडे बघितलं नाही. "मला ती जागा मिळाली नाही. मागच्या रविवारी मी न मिळालेल्या गोष्टीची साक्ष दिली, ते खोटं होतं. मी मळक्याच बाजूला आहे. या आठवड्यात मला रोज किळस आली, एकदा ओकलेही. आणि रोज संध्याकाळी घरी जाताना मला काही कमी नव्हतं. एवढीच साक्ष."

स्तुती असो म्हणायचं की नाही, बायकांना कळेना. मधाळबाई सावरली. "म्हणजे बहिणी, देव तुला उशिराने देणार आहेऽऽ..."

"नको," नाकाडी म्हणाली. "दिलंय. आणि बाई, तो गालिचा एकदा आमच्याकडे पाठवा. मी बघते."

घरी जाताना सासूबाई चार पावलं पुढेच चालल्या. नाकाडीला वाटलं, आता ताटावर ऐकायला मिळेल. ताटं वाढली. सासूबाईंनी डोळे मिटले, हात जोडले. मग तोच लीन आवाज:

"हे देवबापा, या अन्नाबद्दल तुझे आभार. मीठ आज बरं आहे. सुनेने आज मला वीस बायकांत खाली मान घालायला लावली, पण खोटं खाऊन आम्ही आणखी किती दिवस जगलो असतो. तिच्या पोटाला बळ दे. तो वास राहिला तरी चालेल. जरा कमी केलास तर बरं."

"आमेन," नाकाडी म्हणाली. तोंड उघडून, चांगलं मोठ्याने. आणि मग, "आई, तुमच्या पाण्याच्या पेल्याला मासळीचा वास येतोय. द्या इकडे, घासून आणते."