आईच्या लेपाची परीक्षा

आमच्या नेहरू नगरच्या गल्लीत माझ्यासमोर कोणी खोकत नाही. खोकलं की मी विचारते: कोणती गोळी घेतली, कोणी दिली, किती दिवस घेतली आणि अर्ध्यात का सोडली? एका लग्नात जेवणाच्या रांगेत मी नवरदेवाच्या मामांना अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडल्याने काय होतं ते समजावून सांगितलं. ते मान डोलावत राहिले आणि मी पापड घ्यायला वळताच दुसऱ्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहे, औषधांना दाद न देणारे जंतू हा माझा विषय. आई हे सोपं करून सांगते, "आमची पोरगी जंतूंच्या नोकरीत आहे."

आजोबा नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि आम्ही इथलेच झालो. बाबाही सरकारी खात्यातच होते. ते जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघीच, मी आणि आई, आणि दोघींचाही स्वभाव तिखट असल्यामुळे घर शांत असं कधी नसतंच.

आईचा लेप गल्लीत प्रसिद्ध आहे. आंबेहळद, सुंठ, रक्तचंदन आणि निर्गुडीचा पाला. हे सगळं ती सहाणेवर उगाळते, वाटते, कोमट करते आणि सुजलेल्या गुडघ्याला, मुरगळलेल्या पायाला, गळवाला, कशालाही लावते. "आंटीजी, वो हल्दीवाला लेप देना," म्हणत बायका वाटी घेऊन येतात. लहानपणापासून मी हे बघत आले, पण पिकतं तिथे विकत नाही म्हणतात तसं मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. गेल्या वर्षी मात्र लेपाला भलतंच यश यायला लागलं. समोरच्या घरातल्या वहिनींचं महिनाभर चिघळलेलं गळू चार दिवसांत बसलं. त्या पेढे घेऊन आल्या. आई पेढ्यांकडे न बघता गळवाकडेच बघत होती, हे मला आठवतं.

नेमका त्याच वेळी माझा प्रकल्प गाळात रुतला होता. त्याचे दोन भाग होते. एकात दवाखान्यांतून आलेले हट्टी जंतू तपासायचे, दुसऱ्यात वनस्पतींमधून सूज उतरवणारं काही मिळतंय का ते शोधायचं. पहिला भाग रडतखडत चालू होता, दुसऱ्यात काहीच हाती लागत नव्हतं. मार्चमध्ये आढावा समिती यायची होती आणि आमच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं की दाखवायला काही नसेल तर प्रकल्प बंद. पाच वर्षांचं काम होतं ते. मी संध्याकाळी घरी येऊन भाजीवर राग काढायची.

"माझा लेप घेऊन जा ना मग," एक दिवस आई म्हणाली. "काहून नेत नाही? रानातला पाला तपासून राहिली, घरचा चालत नाही काय तुले?"

मी म्हटलं, ठीक आहे, साहित्य दे. तर म्हणाली, "साहित्य नाही, तयार लेप ने. माझ्या हाताचा." आणि मी तो डब्यात भरून नेला.

इथे माझी चूक झाली. प्रयोगशाळेत मी सगळ्यांना बजावत असते की प्रत्येक गोष्टीची तुलना करा, प्रत्येक घटक वेगळा तपासा, कोणाच्याही शब्दावर जाऊ नका. पण आईच्या डब्यावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही. घरून आलेला डबा आपण उघडून खातो, त्याची चौकशी करत नाही.

निकाल बघून मी खुर्चीवरून उठले. सूज तपासायची आमची पद्धत अशी की काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना मुद्दाम चिडवायचं, मग अर्क घालायचा आणि त्यांची चिडचिड किती उतरते ते मोजायचं. लेपाने ती झपकन उतरवली. म्हणून मी तोच अर्क जंतूंच्या थरावर ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती स्वच्छ गोल कडं, जंतू साफ! इतकं मोठं कडं एखाद्या पाल्याने पाडलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. मी आईला फोन करून ओरडूनच सांगितलं. ती फक्त म्हणाली, "बरोबर बघितलं ना? पुन्हा एकदा बघ."

मी पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं. समितीसाठी सुंदर रंगीत तक्ते केले. मग आमच्या हट्टी जंतूंवर लेप लावला आणि तिथे काहीच झालं नाही. नुसते साधे जंतू मरत होते. जे एका विशिष्ट औषधाला दाद देत नाहीत, नेमके तेच लेपालाही देत नव्हते. हळदीला हा भेद कसा कळावा? मी बाजारातून आंबेहळद, सुंठ, रक्तचंदन आणून आणि निर्गुडी तोडून स्वतः लेप केला. त्याने पेशी जेमतेम शांत झाल्या आणि जंतू मजेत वाढले. म्हणजे आईच्या हातात काहीतरी होतं.

कॉलेजातला माझा एक मित्र मंडीदीपच्या एका औषध कारखान्यात गोळ्यांचा दर्जा तपासायचं काम करतो. त्याच्याकडच्या यंत्रात मिश्रण घातलं की प्रत्येक घटकाचा वेगळा सुळका कागदावर उमटतो. मी त्याला आईचा लेप पाठवला. दोन दिवसांनी त्याचा फोन आला आणि आधी नुसतं हसूच ऐकू आलं.

"अगं, ही तर टॅबलेट आहे यार! एक अँटिबायोटिक आणि एक सूज उतरायची. हे सुळके मी रोज बघतो, डोळे मिटून ओळखीन. हळद सिर्फ रंगाला आहे."

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. मी लेपाचे सगळे तक्ते काढून टाकले आणि साहेबांना खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. समितीपुढे मी फक्त पहिला, रुक्ष भाग मांडला. प्रकल्पाचा अर्धा भाग बंद झाला, अर्धा अजून चालू आहे.

पण त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. फोन ठेवला आणि मी भर दुपारी स्कूटर काढून घरी आले. वाटेभर मी बोलायची वाक्यं तयार करत होते. आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती.

"लेपात गोळ्या घालतेस तू?"

"हो," ती म्हणाली. तिने मेथीची काडी सुद्धा खाली ठेवली नाही.

मग मी जे सुरू केलं ते नवरदेवाच्या मामांनाही ऐकावं लागलं नव्हतं. जुनी औषधं, कोणाला विचारणं नाही, कोणाला ॲलर्जी असती तर, थोडं थोडं औषध चोपडलं की जंतू त्यातूनच शिकतात आणि नंतर कशालाच दाद देत नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अख्ख्या भोपाळला मी शिकवते आणि हट्टी जंतूंची शाळा माझ्याच ओट्यावर भरते. माझा प्रकल्प बुडाला, हेही मी सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे त्या गोळ्या काम करून राहिल्या? तुझ्या मशीनमध्ये पण?"

"करतात ना! चांगल्या करतात. तेच तर सांगतेय मी!"

आईने परात बाजूला सरकवली. "तुझ्या बाबांच्या आहेत त्या," ती म्हणाली.

बाबांना लघवीचा संसर्ग झाला होता. डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या, एक अँटिबायोटिक आणि एक दुखण्या-सुजेची, त्या तीन दिवस घेतल्या, ताप उतरला नाही, मग दवाखाना, आणि तिथून ते परत आले नाहीत. पंधरा दिवसांच्या गोळ्या आईने एकदमच आणल्या होत्या. डॉक्टरांजवळच्या दुकानात नव्हत्या म्हणून तिने दुसऱ्या दुकानातून घेतल्या, तर तिथल्या माणसाने दुसऱ्या कंपनीच्या दिल्या. औषध तेच आहे म्हणाला. तेराव्याला जेवता जेवता माझे काका सहज बोलून गेले, "वहिनी, आजकाल नकली माल फार असतो." बोलून त्यांनी भात मागितला. मी तिथेच होते, मला ते वाक्य आठवतही नव्हतं.

"सहा वर्षं मी तेच धरून बसली होती," आई म्हणाली. "तुला विचारायचं होतं. पण नकली आहेत असं तू म्हटलं असतं, तर मी काय केलं असतं? मग गेल्या वर्षी मला गळू झालं, तेव्हा दोन्हीतली एकेक गोळी कुटून लेपात घातली. म्हटलं बघू. बसलं ते. पण वाटलं, हळदीनेच बसलं असेल. मग लोकांना दिलं. मग म्हटलं, तुझी मशीन तर खोटं बोलणार नाही."

मी खाली तिच्याजवळ फरशीवर बसले. मला माझीच लाज वाटली. बाबांच्या जंतूंचा रिपोर्ट ते गेल्यावर दोन दिवसांनी आला होता. तो मीच आणला, वाचला आणि कपाटात ठेवून दिला. त्यातल्या अँटिबायोटिकच्या नावापुढे स्पष्ट लिहिलं होतं की हा जंतू त्याला दाद देत नाही. ते वाचून मी माझा संशोधनाचा विषय बदलला. कुठे कुठे व्याख्यानं दिली. आईला मात्र काही सांगितलं नाही, तिला त्यातलं काय कळणार म्हणून.

"आई, गोळ्या खऱ्या होत्या," मी म्हटलं. "बाबांचा जंतूच हट्टी होता. त्याला ते औषध चालतच नव्हतं. तू कुठल्याही दुकानातून आणल्या असत्या तरी तेच झालं असतं."

"कुठल्याही?"

"कुठल्याही."

तिने पदर तोंडाला लावला. बाबा गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"परत सांग," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.