रविवारच्या नोंदी

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी नवा लागलो तेव्हा गावात माझं कुणीच नव्हतं. संध्याकाळी खोलीवर परतलो की सकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायची सोय नसे. बोलायला माणूस एकच, माल सुकवायच्या ड्रायरवरचा ऑपरेटर. वयाने माझ्या वडिलांएवढा, कासूहून गाडीने येणारा. मला तो त्याच्या बोलीत बाला, म्हणजे बाळा, म्हणायचा आणि जेवताना माझ्या डब्याची मनसोक्त टिंगल करायचा.

दर तासाला तो ड्रायरचं तापमान वहीत लिहायचा. त्याचा त्रास वाचावा म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. आकडा टाइप करून बटण दाबलं की तो साहेबांच्या फाईलमध्ये जाऊन बसायचा आणि पडद्यावर ‘नोंद झाली’ असं यायचं. वही मीच बंद करायला लावली. तेव्हा मी स्वतःला फार शहाणा समजत होतो.

रविवारी एकच ड्रायर चाले आणि त्यावर एकटा तोच असे. एका सोमवारी आदल्या दिवशीचा माल खराब निघाला. साहेबांनी फाईल पाहिली तर रविवारच्या नोंदीच नव्हत्या. सगळ्या केल्यात, असं तो परत परत सांगत राहिला. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवलं. त्याच्या निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं.

दुपारी मी प्रोग्राम तपासला. शनिवारी पेणला घरी जाताना साहेब ती फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उघडीच ठेवून गेले होते, त्यामुळे ती दुसरीकडून उघडत नव्हती. फाईल उघडली का, हे माझा प्रोग्राम बघतच नव्हता. न उघडलेल्या फाईलमध्ये लिहून तो खुशाल ‘नोंद झाली’ म्हणत होता. उघडली नाही तर थांब आणि तसं सांग, एवढ्या दोन ओळी मी घातल्याच नव्हत्या.

त्या मी लगेच घातल्या. साहेबांना मात्र सांगितलं नाही. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती आणि मी घाबरलो, दुसरं काही नाही. मंगळवारी, बुधवारी एकटाच जेवायला बसलो. गुरुवारी केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. साहेब चिडले, पण नोकरी राहिली.

शुक्रवारी तो परत आला. मी माफी मागितली. त्याने शांतपणे विचारलं, “तुला कवा कललं?”

“सोमवारी,” मी म्हणालो.

मग तो म्हणाला, “चार दिस घरची सगली मला इचारीत व्हती, खरंच लिवला नाय काय?”