नगरसेवकाविरुद्धचं पत्र

स्वतःची बदनामी स्वतःच छापून घराघरांत पोचवणारा माणूस अख्ख्या चंदीगडमध्ये एकच, आणि ते नेमके माझे घरमालक असावेत! काका मूळचे वऱ्हाडातले; चाळीस वर्षं इथं काढूनही बोली तीच. इंडस्ट्रियल एरियातल्या छापखान्यातून त्यांचं चार पानी हिंदी साप्ताहिक निघायचं. पहिल्या पानावर फक्त तक्रारी: तुंबलेलं गटार, बंद पडलेला दिवा, शेजाऱ्याचा कुत्रा. नगरसेवकाला ते असं धारेवर धरायचे, की शेवटी लोकांनी त्यांनाच निवडून दिलं. आता तरी हे गप्प बसतील, असं काकूंना वाटलं. कसचं काय! नगरसेवक तेच, संपादकही तेच. तक्रारींचा टाइप मात्र आणखी जाड झाला. काकूंनी गिझर बिघडल्याचं सांगितलं तरी म्हणायचे, "लेखी द्या जी." काकूंनी चिडून दिलं, तर तेही छापून आलं.

दुसऱ्यांदा निवडून यायची त्यांना फार इच्छा होती. दवाखान्यासमोरच्या बसथांब्यावर शेड व्हायची राहिली होती, आणि तेवढ्यासाठी हा माणूस गुडघेदुखी विसरून दारोदार फिरला. मी विद्यापीठात संशोधन करायचे आणि संध्याकाळी त्यांची प्रुफं तपासायचे. मतदानाआधीच्या अंकात पहिलंच पत्र समोरच्या बीजींचं, म्हणजे ऐंशीच्या घरातल्या आजींचं: पाच वर्षं झाली, शेड कुठे आहे? मूळ कागदावरचं अक्षर ओळखीचं निघालं.

"काका, हे तर तुम्हीच लिहिलंय!"

"मंग? त्यांना लिहिता कुठं येते? त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. 'निकम्मा' तेवढं मी टाकलं. त्या लाजून राहिल्या होत्या."

"पुढच्या अंकात घेऊ या ना. मतदान होऊन जाऊ दे."

"त्यांनी या आठवड्यात सांगितलं ना बाई."

विरोधी उमेदवाराला वेगळं पत्रक काढावंच लागलं नाही. त्यानं तोच अंक वाटला. काका थोडक्यात पडले. मला त्यांचा राग आला, अगदी रडू येईपर्यंत आला.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी बीजी पिन्नीचे लाडू घेऊन आल्या. डोळे भरलेले. "पुत्तर, वोट तां मैं तैनूं ही पाई सी." मत त्यांनी काकांनाच दिलं होतं.

"पता है, बीजी," काका हसून म्हणाले. त्यांना खुर्ची दिली, आत चहा सांगितला. "चलो, अब नए पार्षद के नाम चिट्ठी लिखते हैं."

कागद घेतला, पेन उघडलं, 'सेवा में' एवढा मायना लिहिला आणि थांबले. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"तू लिही बाई. आज माझा हात चालून नाही राहिला."