एकपासून मोजणारे मामा

आमच्या मुरबाडच्या कॉलेजातले प्रयोगशाळेचे मामा शून्यापासून काहीच मोजत नसत. खिशातली प्लास्टिकची पट्टी कशावरही ठेवताना ते एकचा आकडा कडेला लावायचे आणि उत्तरातून एक सेंटिमीटर वजा करायचे. "पट्टीचं टोक झिजतं गो. एक कदी झिजत नाय," असं त्यांचं म्हणणं. किन्हवलीहून एसटीने येणारे मामा नोकरीने शिपाई, पण सूक्ष्मजीवशास्त्राची निम्मी प्रात्यक्षिकं त्यांच्याच जिवावर चालत.

काचेच्या बशीतल्या बुरशीची वाढ ते रोज ठरल्या वेळी, बशी उलटी धरून मोजायला लावत. झाकणाला हात गेला की ओरडायचे, "उघडू नको, पाव्हणे शिरतील!" हवेतल्या जंतूंना ते पाव्हणे म्हणत. बुरशी जिथवर पोचली असेल तिथे बशीला मागून पेनाने खूण करायची, हा आणखी एक हट्ट. आकडा वहीत लिहिल्यावर खूण कशाला, असं मला वाटे. पण मामांपुढे बोलायची टाप नव्हती.

शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प भाताच्या पेंढ्यावरच्या बुरशीचा होता. मोजणीच्या तिसऱ्या दिवशी नेमकी जवळच्या म्हसा गावची जत्रा. मैत्रिणी स्टँडवर खोळंबल्या होत्या. घाईघाईत माप घेतलं, खूण केली आणि मी पळाले. आठवड्याने आलेख काढायला बसले तर रेघ मधेच खाली वळली. तिसऱ्या दिवशी बुरशी सेहेचाळीस मिलिमीटर, चौथ्या दिवशी चव्वेचाळीस! वाढणारी बुरशी आक्रसली कशी? जत्रेच्या नादात मी मामांसारखं एकपासून मोजून ते दहा मिलिमीटर वजा करायलाच विसरले होते. परीक्षा दोन दिवसांवर. प्रकल्प गेला तर वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की घरचे लग्नाचं बघणार!

मी व्हाइटनर काढला. मामांनी तो हातातून काढून घेतला.

"खोडायचं नाय. एक रेघ मार, बाजूला खरं लिव, आन् सही कर."

"पण मामा, छत्तीसच होती हे परीक्षकांना कसं पटणार?"

मामांनी फ्रिजमधून माझी बशी काढली. एव्हाना ती प्रयोगशाळेच्या मोठ्या कुकरमध्ये उकळून धुवायला जायला हवी होती. "मार्क पडल्याबिगर मी कुनाची बशी कुकरला लावत नाय," मामा म्हणाले. मागे तिसऱ्या दिवसाची खूण स्वच्छ दिसत होती.

तोंडी परीक्षेत परीक्षकांचं बोट नेमकं त्या रेघेवर थांबलं. मी खरं काय ते सांगून टाकलं, जत्रेसकट. त्यांनी बशी मागवली, मामांची पट्टी घेतली, मामांनी सांगितल्यावर एकपासून धरली, खुणेपर्यंत मोजलं आणि ऐटीत म्हणाले, "सेहेचाळीस!"

दारातून मामांचा आवाज आला, "सर, दहा वजा करायचे रायले."

परीक्षक आधी गोरेमोरे झाले, मग इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मी पास झाले.

बातमी सांगायला गेले तर मामा कुकर भरत होते. त्याच महिन्यात ते निवृत्त होणार होते. म्हटलं, "मामा, ती बशी मला द्या ना, तुमची आठवण म्हणून."

"येडी हायस काय? पुढच्या पोरीला लागंल ती," म्हणत त्यांनी बशी आत ठेवून झाकण लावलं.

निकालाला कोरडे राहिलेले माझे डोळे तेव्हा भरून आले. मामांना वाटलं, मी बुरशीसाठी रडतेय.

"रडू नको गो," ते म्हणाले, "पेंढ्यावर पायजेल तेवढी हाय."