फ्रिजचे हप्ते आणि बांद्याचं स्थळ

आता कुठून सुरुवात करू? गाढवपणा एकच असता तर झटकन सांगून मोकळा झालो असतो. मी लागोपाठ दोन केले!

मी मिठबावचा. घराला लागूनच माझं कोकम सरबताचं दुकान. पस्तिशी उलटली तरी लग्न जमेना. शेवटी बांद्याचं स्थळ सांगून आलं आणि खरं सांगतो, नुसता फोटो बघून मी पार विरघळलो. आता मुलीकडचं कोणीतरी गुपचूप चौकशीला येणार, हे आमच्याकडे ठरलेलंच.

एका सकाळी इस्त्रीच्या शर्टातला बॅगवाला गृहस्थ दारात उभा!

"बाबल तुम्हीच ना? घर स्वतःचं? दुकान कसं चाललंय?"

आतून आई कुजबुजली, "रे, चौकशेक इलो वाटता! सगळा बरा सांग!"

मग काय, मी सुटलोच! घर आमचं, आंब्याची कलमं आमची, होडीत अर्धा वाटा. बिचारा मध्येच काहीतरी सांगायला बघत होता, पण मी बोलू देईन तर ना!

"पैशाची ददात नाही हो, नुसता पडून आहे!"

आईने त्याला बांगड्याचं तिखलं वाढलं. तो पोटभर जेवला आणि बॅगेतून कागद काढला.

"तुमच्या फ्रिजचे शेवटचे हप्ते बँकेतून परत गेलेत. कंपनीने वसुली आमच्या एजन्सीकडे दिलीय. पडून आहेत त्यातले देऊन टाका."

आणि मी समजत होतो, हप्ते कधीच फिटले! लग्नासाठी डब्यात साठवलेले पैसे गेले, हातात पावती आली.

दोन दिवसांनी दुसरा बॅगवाला!

"घर स्वतःचं?"

"गहाण!"

"होडी?"

"बुडाली!"

"दुकान तरी?"

"बंद पडतला! हयसर तुमका एक पैसो मिळूचो नाय!"

तो शांतपणे म्हणाला, "मी बांद्यासून इलंय. चेडवाचो मामा."

मुलीचा मामा! मला ब्रह्मांड आठवलं. आई तर डोळ्याला पदर लावून बसली. आता कसलं लग्न!

पण चार दिवसांनी होकार आला! मामा घरी जाऊन म्हणाले होते, "इतको खरो बोलणारो माणूस खंय गावतलो?" आणि मुलगी म्हणाली, "पैसा त्याच्याकडे टिकत नाही ना? मी सांभाळीन."

सांभाळते हो! रोज संध्याकाळी दुकानाचा अख्खा गल्ला तिच्या हातात जातो. एजन्सीवाल्याने निदान पावती तरी दिली होती!