नावातलं प्रश्नचिन्ह

खर्ड्याच्या शाळेत शिकवत होतो तेव्हा मी नगरच्या एका वाचनालयाचा सभासद होतो. सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे वाचून झालेलं पुस्तक आणि चिठ्ठी द्यायची. संध्याकाळी तो नवं पुस्तक आणायचा. आम्हा गावाकडच्या सभासदांची एक रीत ठरलेली होती. चिठ्ठीत पुस्तकाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं, की ‘हे किंवा यासारखं दुसरं चालेल’ असा अर्थ. खेप वाया जाऊ नये म्हणून ही सोय.

त्या वर्षी पत्नी अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि ते तिलाही ठाऊक होतं. माहेरी तिने एक कादंबरी अर्धी वाचली होती. पुस्तक मामेबहिणीचं, ती घेऊन गेली. शेवट तेवढा ऐकायचा, असं तिने मनात धरलं होतं. लेखक आठवत नव्हता. नाव होतं ‘गोडं पाणी?’.

मी नाव जसंच्या तसं लिहिलं. आलं ‘गोडं पाणी’ नावाचं विहिरी खोदण्याविषयीचं पुस्तक.

“अहो, आता मला विहिरीत उतरवता का?” ती म्हणाली.

पुढच्या चिठ्ठीत ‘कादंबरी’ असा शब्द जोडला. भलतीच कादंबरी आली.

“गुरुजी, तुमीच जाऊन या की एकदा,” कंडक्टर म्हणाला. “त्यो कारकून लई येडा हाय.”

शाळेतून मधल्या सुट्टीत घरी येता यायचं, पण नगरला जाऊन तिला दिवसभर एकटं सोडणं शक्य नव्हतं. आणि कारकून वेडा नव्हता. तो आमचीच रीत पाळत होता. माझं चिन्ह त्याला नावातलं नव्हे, सवलतीचं वाटत होतं. तिसऱ्या चिठ्ठीत मी प्रश्नचिन्हाभोवती वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं : ‘वर्तुळातलं चिन्ह नावाचाच भाग आहे. दुसरं पुस्तक नको.’ या वेळी चूक होणार नाही याची मला खात्री होती. संध्याकाळी नेमकी तीच कादंबरी हातात आली.

शनिवार-रविवारच्या दुपारी मी ती वाचून दाखवली. खाऱ्या पाण्याच्या गावात दिलेली नायिका शेवटी माहेरी परतत नाही, तिथेच राहते.

“राहिली ना? मी तिला सांगत होते. पैज लावली होती आम्ही.” तिने मला लगेच मामेबहिणीला कार्ड लिहायला बसवलं. मजकूर तिनेच सांगितला : मी जिंकले, आता लुगडं पाठव.

लुगडं आलं, हिरवं. तिने ते उशाशी ठेवून घेतलं आणि समाचाराला येणाऱ्या प्रत्येकीला दाखवलं. तेच नेसवून आम्ही तिला निरोप दिला.