नंदाचा निकालावर भरवसा नव्हता

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा शाळेत खिचडी शिजत होती. तिचा मुलगा बुलढाण्याच्या दवाखान्यातून बोलत होता. मी गॅस बारीक केला आणि तशीच उभी राहिले... रडू आलं नाही. मनात आलं, नंदाला कोणी असं फोनवर काही सांगितलं असतं तर तिनं खरं मानलं नसतं. आम्ही दोघी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांचा आहार शिजवायचो. वस्तीतली घरंही भिंतीला भिंत लागून. मी फार बोलत नाही, ती माझ्या वाटचंही बोलायची. आता ती नाही म्हणून लिहून ठेवते आहे, कोणाला दाखवायला नाही.

तेलवाला, गिरणीवाला, कोणावरच तिचा विश्वास नव्हता. पण शाळेवरचा संशय वेगळा होता. मी याच शाळेत चौथी शिकले, तेव्हा सगळ्या गावाची मुलं इथं होती. आता शेतीवाल्यांची मुलं सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जातात. राहिली ती आमच्या बौद्ध वस्तीतली आणि मजुरी करणाऱ्या घरांची थोडी. पट इतका उतरला की चारही वर्ग एका खोलीत बसतात. निकाल मात्र वर चढला. सहामाहीला सगळ्यांना वरची श्रेणी, नंदाच्या चौथीतल्या नातीला, प्राचीलाही. वस्ती खूश होती. नंदा म्हणाली, "सुमन, गाववाल्यांची लेकरं होती तवा नापास होत होती. आता आपलीच उरली तर सारी हुशार झाली. काऊन वं?"

मी म्हटलं, "सर चांगले शिकवत असतील."

"का मंग आपल्या लेकरायचं कोणी विचारनारच नाई, म्हणून पास करून राह्यले?"

तेव्हापासून भांडी घासताना तिचा कान वर्गाकडे असायचा. प्राची वाचायची तेव्हा नजर खिडकीबाहेर, आणि धडा तोंडातून धडाधडा यायचा. नंदाला अक्षर येत नव्हतं. एकदा तिनं दुसरंच पान उघडून दिलं आणि मला जवळ बोलावलं. पोरगी आधीचाच धडा म्हणत होती. मी नंदाला सांगितलं, हे बाहेर बोलू नको. शाळेचं नाव गेलं तर उरलेली मुलंही जातील, शाळा बंद होईल, आपल्या पोरींना दुसऱ्या गावी कोण पाठवणार... तिनं माझ्याकडेच डोळे बारीक करून पाहिलं. "तुले सरानं सांगतलं का असं बोलायले?"

मग एक दिवस तपासणीचे साहेब आले. अशा दिवशी ज्यांना वाचता येतं त्यांना पुढं बसवतात, बाकीचे मागून ओठ हलवतात. शेवटी साहेब खिचडीची चव घेत होते. नंदा वाढता वाढता म्हणाली, "साहेब, माह्या नातीले वाचायले लावा. पुस्तकातलं नोका देऊ, तुमच्या हातातल्या कागदावरचं द्या." प्राचीनं कागद धरला. अक्षरं एकेक ओळखली, शब्द काही जुळेना, आणि ती रडायला लागली. साहेब गेल्यावर सर म्हणाले, "नंदाबाई, चार वर्ग माझ्या एकट्याकडं. वरून मोबाईलवर रोज माहिती भरायची. श्रेणी कमी दिली तर मलाच विचारतात. मी काय करू?"

"शिकवा," नंदा म्हणाली.

वस्तीतले लोक तिच्यावर चिडले. एका घरानं तर मुलगा पिवळ्या गाडीत बसवला. सर मात्र शाळा सुटल्यावर प्राचीला थांबवून घेऊ लागले. नंदाला तेही पटेना. ती वर्गाच्या दारात बसून राहायची. "आता काऊन शिकवून राह्यला? साहेब पुन्हा येनार असन." सर मनापासून शिकवत होते की धास्तीनं, हे तिला ठरवता आलं नाही. मलाही नाही. पुढं नंदाला पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात गोळी हातात फिरवून नर्सला विचारायची, "बाजूवालीले दिली तेच हाय का मले?"

शाळा अजून चालू आहे, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. मुलं घरी गेली की त्या दारात आता मी बसते. परवा प्राचीनं एक धडा न अडखळता वाचला. सरांना आनंद झाला. मला काही खरं वाटेना... घरी आल्यावर तिच्यापुढं हेच कागद ठेवले. हे कोणी तिच्याकडून पाठ करून घेतलेलं नव्हतं. माझं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची मला लाज वाटत होती. तिनं बोट ठेवून सुरुवात केली. जोडाक्षराला थांबायची, मागं जायची, पुन्हा यायची. साहेबांच्या कागदाचं लिहिलंय तिथवर पोचली आणि बोट तिथंच राहिलं.

"आजी, हे खोटं लिहिलं तू. मी नव्हती रडली."

"रडली होती. मी तिथंच होते."

ती खाली वाकून तेच वाक्य पहिल्या शब्दापासून परत वाचायला लागली, आणखी काय काय खोटं लिहिलंय ते बघायला.